ध्वनीला दिशा देणारा अभियंता

दिवाणखान्यात पाच ध्वनिक्षेपक आणि कोपऱ्यात खर्जाचा सहावा डबा, अशी होम थिएटरची आरास एकेकाळी प्रतिष्ठेची खूण मानली गेली. मुंबई-पुण्याप्रमाणे जालना, अंबड, परतूरच्या नव्या घरांतही ती हौसेने आली. काही वर्षांनी मात्र मागच्या भिंतीवरचे दोन ध्वनिक्षेपक केवळ धूळ साठवत राहतात, वायरींचे जाळे झाडताना अडचण करते आणि गाणे ऐकायला बसले की पाचांपैकी दोनच खऱ्या अर्थाने उपयोगाचे आहेत, हे ध्यानात येते. अशा वेळी सारा पसारा आवरून दोन चांगले ध्वनिक्षेपक आणि एक साधा अ‍ॅम्प्लिफायर ठेवण्याचा निर्णय जे रसिक घेतात, ते नकळत एका इंग्रज अभियंत्याच्या विचाराकडे परत जात असतात. त्याचे नाव अ‍ॅलन डॉवर ब्लमलाइन. अवघे ३८ वर्षांचे आयुष्य, नावावर १२८ पेटंट, आणि तरीही मृत्यूनंतर कित्येक दशके त्याच्याच देशात तो सामान्य माणसाला अपरिचित राहिला.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन मूळचे जर्मन, नंतर ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत कार्य केलेल्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाची कन्या. मुलाचा ओढा पहिल्यापासून विजेकडे. सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दारावरची बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले. त्यावर स्वतःच्या नावापुढे विद्युत अभियंता अशी पदवीही लावली होती. याच मुलाला बारा वर्षांचा होईपर्यंत धड वाचता येत नव्हते, अशी आठवण त्याच्या बहिणीने नोंदवली आहे. मुलगा वाचत नाही म्हणून त्याच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शाळेत असतानाच पितृछत्र हरपले. हायगेट शाळेतून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात गेला आणि विसाव्या वर्षी प्रथम वर्गात पदवीधर झाला. १९२४ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरी मिळाली. काम होते लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांचे. एका तारेतले बोलणे शेजारच्या तारेत झिरपू नये, यासाठीची मोजमापे करायची आणि त्यावर उपाय शोधायचा. त्यासाठी तो युरोपात हिंडला. दोन वाहिन्या शेजारी असूनही एकमेकींपासून स्वतंत्र कशा राखायच्या, याचा हा अभ्यास पुढे त्याला अगदी निराळ्या ठिकाणी उपयोगी पडणार होता.

१९२९ मध्ये ब्लमलाइन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाला. तेथील प्रमुख आयझॅक शोएनबर्ग यांनी त्याच्यापुढे ठेवलेला पहिलाच प्रश्न तांत्रिक जितका, तितकाच पैशाचाही होता. विजेच्या साह्याने तबकडी कोरण्याची पद्धत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेची. तिच्या पेटंटमुळे कोलंबियाला आपल्या तबकड्यांवर मानधन मोजावे लागे. ते टाळायचे तर कोरणीचे यंत्र मुळातून वेगळे हवे होते. ब्लमलाइनने हलत्या वेटोळ्यावर चालणारी नवी कोरणी तयार केली. बेलच्या यंत्रात कंपने आवरण्यासाठी रबराचा आधार घेतला जाई. ब्लमलाइनने तेच काम विद्युतचुंबकीय पद्धतीने साधले. आवाज अधिक स्वच्छ झाला आणि मानधनही वाचले. १९३१ मध्ये कोलंबिया आणि एचएमव्हीची मालक असलेली ग्रामोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ईएमआय ही कंपनी जन्माला आली. कोलकात्याजवळच्या दमदम येथील तबकड्यांचा कारखाना याच समूहाचा. कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या मराठी घरांत नाट्यगीते आणि भजने घेऊन आल्या, त्यांचे मूळ घराणे हेच.

त्याच वर्षीची एक हकिगत ब्लमलाइनच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. बोलपट नुकतेच स्थिरावत होते. आपली भावी पत्नी डोरीन लेन हिच्यासोबत तो चित्रपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला उभा आणि त्याचा आवाज मात्र दुसरीकडूनच, हा प्रकार त्याला खटकला. सगळा आवाज एकाच जागेवरून येत असे, मग पडद्यावरचा माणूस कुठेही चालत जावो. या विसंगतीवर आपल्याला उपाय सापडला आहे, असे त्याने डोरीनला सांगितले. प्रेक्षागृहातल्या बाकी मंडळींना ही विसंगती जाणवलीच नसेल असे नाही. पण नव्या बोलपटाच्या नवलाईत ती निमूटपणे चालवून घेतली जात होती.

उपाय समजून घेण्यासाठी जालना रेल्वे स्थानकाच्या फलाटावर डोळे मिटून उभे राहावे. परतूरकडून येणारी गाडी छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघून जाते, तेव्हा ती कोणत्या बाजूने आली आणि कोणत्या बाजूला गेली हे न पाहताही कळते. माणसाच्या दोन कानांत साधारण वीस सेंटिमीटरचे अंतर असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. बाजूने आलेला आवाज जवळच्या कानावर आधी आणि दूरच्या कानावर किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय डोक्याची आड आल्याने बारीक, उंच पट्टीचे स्वर दूरच्या कानात क्षीण होतात. खालच्या पट्टीत वेळेचा फरक आणि वरच्या पट्टीत तीव्रतेचा फरक, या दोन खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो. एकाच ध्वनिक्षेपकातून आवाज आला की दोन्ही खुणा पुसल्या जातात. कीर्तनात मृदंग एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला आणि बुवा मध्ये असतात. एका कर्ण्यातून ऐकताना मात्र सारे एकाच भोकातून बोलू लागतात.

ब्लमलाइनची प्रतिभा अशी की, दिशेचा हा सारा आभास दोन ध्वनिक्षेपकांतील केवळ तीव्रतेच्या फरकातून उभा करता येतो, हे त्याने गणिताने दाखवून दिले. दोन्हींतून सारखाच आवाज आला तर तो मधल्या रिकाम्या जागेतून येतो असे वाटते. एकीकडचा वाढवला की ध्वनीची प्रतिमा त्या बाजूला सरकते. ध्वनिमुद्रणासाठी त्याने एकाच जागी, पण एकमेकांशी काटकोनात वळवलेले दोन मायक्रोफोन सुचवले. ही रचना आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तबकडीवर दोन वाहिन्या कोरायच्या तर खाचा दोन हव्यात, अशी कोणाचीही समजूत झाली असती. ब्लमलाइनने एकाच खाचेच्या दोन उतरत्या भिंती वापरल्या. प्रत्येक भिंत ४५ अंशात कललेली. एका भिंतीवर डावीकडचा आवाज, दुसरीवर उजवीकडचा, आणि सुई मात्र एकच. दूरध्वनीच्या तारांतील झिरपणे रोखण्यात घालवलेली वर्षे इथे कामी आली.

हे सारे त्याने एकाच पेटंटच्या अर्जात मांडले. अर्ज १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल झाला, १४ जून १९३३ रोजी ३९४३२५ या क्रमांकाने मान्य झाला, आणि त्यात एकूण ७० दावे होते. स्टिरिओ हा शब्द त्यात नाही. ब्लमलाइन या पद्धतीला द्विकर्णी ध्वनी म्हणत असे. वय होते २८.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळाही या वाटेने निघाली होती. त्यांची कल्पना भव्य होती. वाद्यवृंदापुढे मायक्रोफोनांची जणू भिंत उभारायची आणि श्रोत्यांपुढे तितक्याच ध्वनिक्षेपकांची. व्यवहारात ती संख्या तीनवर आली आणि एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तीन वाहिन्यांतून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. मोठ्या सभागृहात तीन वाहिन्यांचा फायदा खराच. मध्ये ध्वनिक्षेपक असल्यामुळे कडेच्या श्रोत्यालाही मधला आवाज मधूनच येतो. होम थिएटरमधला मधला ध्वनिक्षेपक याच विचाराचा वारस. परंतु घरात ऐकणारे एक-दोनच असतात आणि ते बसतात ठरावीक जागी. तिथे ब्लमलाइनचे दोन पुरतात, हा अनुभव आहे.

मात्र दोनांना शिस्त लागते. दोन ध्वनिक्षेपक आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे ध्वनिक्षेपकांत सात फुटांचे अंतर असेल तर श्रोत्यानेही प्रत्येकापासून सात फुटांवर बसावे. एक टीव्हीशेजारी आणि दुसरा कपाटावर ठेवला की आभास मोडतो. होम थिएटर उतरवणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. मधला ध्वनिक्षेपक काढला जातो, पण यंत्राला तसे सांगितले जात नाही. मग संवाद नाहीसे होतात आणि पार्श्वसंगीत तेवढे वाजत राहते. यंत्राच्या मांडणीत दोन वाहिन्यांचा पर्याय निवडला की मधल्या वाहिनीचा आवाज डाव्या-उजवीकडे समान वाटला जातो आणि नट पुन्हा पडद्याच्या मध्यातून बोलू लागतो. त्या रिकाम्या जागेतून येणारा आवाज हा १९३१ च्या पेटंटचाच प्रत्यय.

पेटंट मान्य झाले त्या वर्षाच्या अखेरीस हेज येथील प्रयोगशाळेत पहिल्या द्विकर्णी तबकड्या कोरल्या गेल्या. खोलीत चालत चालत बोलणारे सहकारी हाच त्यांचा मजकूर. १९ जानेवारी १९३४ रोजी लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद मोझार्टची ज्युपिटर सिम्फनी वाजवत असताना ब्लमलाइनच्या यंत्रानेही ती टिपली. १९३५ मध्ये त्याने बोलपटाच्या फितीवर दोन वाहिन्यांचे प्रयोग केले. त्यांतल्या एका लघुपटात हेज स्थानकावरून जाणाऱ्या आगगाड्या आहेत. रेल्वे हे त्याचे लहानपणापासूनचे वेड; विमान चालवण्याचा परवानाही त्याने हौसेखातर मिळवला होता. या फितीत गाडी पडद्यावर सरकते तसा तिचा आवाजही सरकतो. चित्रपटगृहात सुचलेली कल्पना चार वर्षांत पडद्यावर सिद्ध झाली होती.

आणि तिथेच ती थांबली. जग मंदीच्या फेऱ्यात होते, चित्रपटगृहांनी नुकताच बोलपटांच्या यंत्रांवर खर्च केला होता, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील खरखरीत दोन वाहिन्यांचे सौंदर्य फारसे खुललेही नसते. ईएमआयने काम गुंडाळले. कंपनीचा हिशेब त्या काळापुरता चुकीचा म्हणता येत नाही. परंतु हाती आलेल्या गोष्टीचे मोल तिच्या व्यवस्थापनाला पुढेही बराच काळ कळले नाही, हेही खरे.

ब्लमलाइनला खंत करायला उसंत नव्हती. शोएनबर्ग यांनी त्याला दूरचित्रवाणीच्या कामाला जुंपले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा दोन पद्धती आलटूनपालटून वापरल्या जात. एक जॉन बेअर्ड यांची २४० रेषांची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३७ मध्ये, बेअर्डची पद्धत बाद ठरली. विजयी पद्धतीच्या अनेक मंडलांवर ब्लमलाइनचा हात फिरला होता. त्या वर्षी मे महिन्यात सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीचे रस्त्यावरून प्रक्षेपण झाले. चित्रसंदेश स्टुडिओपर्यंत आणणारी खास केबल त्याच्याच आराखड्याची. ४०५ रेषांची ही सेवा ब्रिटनमध्ये थेट १९८५ पर्यंत टिकली. मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, यावरून काळाचे अंतर लक्षात यावे.

त्याची एक मंडलरचना तर आजही सर्वत्र आहे. दोन समान व्हॉल्व एका सामाईक रोधाला जोडायचे आणि दोन तारांतील फक्त फरक वाढवायचा, दोन्हींत सारखाच शिरलेला गोंगाट मात्र बाद करायचा, अशी ही जोडी. १९३६ मध्ये दूरचित्रवाणीच्या केबलसाठी तिचे पेटंट घेतले गेले. व्हॉल्वच्या जागी ट्रान्झिस्टर आले, ट्रान्झिस्टर सूक्ष्म चकतीत गेले. जोडी तीच राहिली. घरातल्या स्टिरिओपासून सप्ताहाच्या मंडपातल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत बहुतेक यंत्रांच्या प्रवेशद्वारी ती उभी असते. स्टिरिओचा जनक हे बिरुद ब्लमलाइनला चिकटले असले, तरी अभियंत्यांच्या दृष्टीने ही छोटी जोडी कदाचित त्याहून मोठी देणगी ठरेल.

१९३३ मध्ये त्याचे डोरीनशी लग्न झाले होते. दोन मुलगे झाले. मग युद्ध आले. शत्रूच्या विमानाचा आवाज ऐकून त्याची दिशा ठरवणारी श्रवणयंत्रे तेव्हा लष्कराकडे होती. ब्लमलाइनने त्यांना कॅथोड किरणांच्या नळीची जोड दिली. कानांनी अंदाज बांधण्याऐवजी दिशा डोळ्यांना दिसू लागली. द्विकर्णी ध्वनीचा व्यासंग असा तोफखान्याच्या कामी आला. पुढे रात्री उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या रडारमधील महत्त्वाचा भाग ईएमआयमध्ये त्याच्या देखरेखीखाली सुधारला गेला. १९४२ उजाडले तेव्हा तो एच-टू-एस नावाच्या रडारवर काम करत होता. रात्रीच्या अंधारात किंवा ढगांच्या वर उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानाला खालच्या भूप्रदेशाचा नकाशा पडद्यावर दाखवायचा, हा त्याचा उद्देश. काम अत्यंत गुप्त आणि घाईचे.

७ जून १९४२, रविवार. व्ही ९९७७ क्रमांकाच्या हॅलिफॅक्स विमानाने डेफर्डच्या धावपट्टीवरून दुपारी चाचणीसाठी उड्डाण केले. विमानात अकरा जण होते. ब्लमलाइनसोबत ईएमआयचे सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदन हे सहकारी, सरकारी संशोधन संस्थेची माणसे आणि हवाई दलाचे कर्मचारी. परतीच्या वाटेवर उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाने पेट घेतला. आग पंखात पसरली. वाय नदीकाठच्या वेल्श बिकनर या खेड्याजवळ विमान उलटे होऊन कोसळले. कोणीही वाचले नाही.

आगीचे कारण सविस्तर बाहेर यायला अनेक दशके गेली. त्या इंजिनाच्या एका झडपेचा नट देखभालीच्या वेळी पुरेसा आवळला गेला नव्हता. काही तासांच्या उड्डाणात तो सैल होत गेला, झडपेचा दांडा धातूच्या थकव्याने तुटला आणि पेटते इंधनमिश्रण बाहेर फेकले गेले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील गिरण्यांत रात्रपाळी करणाऱ्या फिटरला एका ढिल्या नटाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. इथे ती अकरा माणसांची होती.

दुर्घटनेनंतर संशोधक बर्नार्ड लव्हेल यांनी जळक्या अवशेषांतून गुप्त मॅग्नेट्रॉन शोधून परत आणला. रडारचे काम पंतप्रधान चर्चिल यांच्या आग्रहाने वेगाने पुढे गेले. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बर्गवरील हल्ल्यात एच-टू-एस प्रथम वापरले गेले. ब्लमलाइनच्या मृत्यूची बातमी मात्र दडवण्यात आली. आपला एवढा मोठा अभियंता गेला, हे शत्रूला कळू द्यायचे नव्हते. ज्या माणसाचे नाव जगाला माहीतच नव्हते त्याचे जाणेही जगाला कळले नाही. डोरीनला दोन लहान मुलांसह हे दुःख जवळजवळ मुक्यानेच सोसावे लागले.

युद्धानंतर तबकड्या सुधारल्या. खरखर कमी झाली, लांब वाजणाऱ्या ३३ फेऱ्यांच्या तबकड्या आल्या. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात अवतरल्या, त्या एकाच खाचेच्या दोन ४५ अंशी भिंतींवर कोरलेल्या. जगभरच्या कंपन्यांनी स्वीकारलेली ही पद्धत ब्लमलाइनने सत्तावीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. पेटंटची मुदत तोवर संपून गेली होती.

त्याच्या चरित्राचीही कथा अशीच रेंगाळली. साहित्य जमवण्याचे काम एका लेखकाने हाती घेतले आणि दशकानुदशके ते जवळ ठेवले. पुस्तक मात्र कधी निघालेच नाही. अखेर रॉबर्ट अलेक्झांडर यांनी लिहिलेले चरित्र १९९९ मध्ये आणि रसेल बर्न्स यांचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे मृत्यूनंतर ५७ वर्षांनी. त्याआधी १९७७ मध्ये लंडनमधील ईलिंग भागातल्या त्याच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली होती. २०१५ मध्ये अ‍ॅबे रोड स्टुडिओत त्याच्या कार्याची नोंद करणारा फलक बसला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्डिंग अकादमीने तांत्रिक योगदानासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मरणोत्तर दिला. हेज स्थानकावरची ती फीत आजही सुरक्षित आहे. दोन ध्वनिक्षेपकांमध्ये बसून ती लावली की १९३५ मधली आगगाडी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे निघून जाते.